गाडीभर स्वस्त लाकूड

नदीने जिथे मोठं वळण घेतलं होतं तिथे एक गाव होतं, आणि त्या गावात एक कातारीण राहायची. लाकूड गरगर फिरवायचं, त्याला पटाशी लावायची आणि त्यातून गोल वाडगे, काठवटी, लाटणी काढायची, हा तिचा धंदा. सगळं गाव तिला येसूआत्या म्हणायचं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण वाडग्याची कड पातळ झाली की जाड राहिली, हे ती अंगठ्याने सांगायची.

एकदा पलीकडच्या काठावरून खेमा नावाचा एक माणूस तिच्या दारात आला. तो मेंढरं राखायचा. रोगाची साथ आली आणि त्याचा कळप गेला. रिकाम्या हातांनी फिरताना एका जत्रेत त्याने येसूआत्याचा वाडगा पाहिला, हातात घेतला आणि त्याला तो खाली ठेववेना.

"आत्या, मला हे शिकव," तो म्हणाला.

"शिकवीन की," आत्या म्हणाली. "पण लाकूड तुझं तू आणायचं. माझ्याकडे आहे ते मला पुरत नाही. आणि पहिल्या पहिल्यांदा तू फार लाकूड वाया घालवणार. सगळेच घालवतात."

तिच्या मार्गदर्शनाखाली खेमाने तिच्या घरामागच्या छपरात स्वतःची खराद उभी केली. जुन्या चिंचेच्या दोन जाड तुळया, वर एक लवचीक बांबू, खाली पायाची दांडी आणि मध्ये दोरी. दांडी दाबली की दोरी ओढली जायची आणि लाकूड फिरू लागायचं. त्या चिंचेसाठी त्याने आपली कळपाची कुत्री आणि घोंगड्या देऊन टाकल्या. खराद झाली. आता तिच्यावर चढवायला लाकूड हवं होतं.

तेच मिळेना.

वाडग्याला मांडीएवढा जाड, सरळ, सुका ओंडका लागतो. खेमा सुताराकडे गेला. सुताराने त्याला बोटाएवढ्या कपच्या दिल्या. वखारीत गेला, तर वखारवाला म्हणाला, "सागवान मोडून शिकणार? राजाचा जावई आहेस का?" एका शेतकऱ्याने आंब्याची ताजी फांदी फुकट दिली. खेमाने तिचा वाडगा कातला, उन्हात ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत तो फट्‌ करून मधोमध फाटला. बाभळीच्या बुंध्यात गाठ निघाली. गाठीत पटाशी अडकली, लाकूड सुटलं आणि खेमाच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटलं.

"घाई करू नकोस," आत्या म्हणायची. "घरोघरी जा. कोणाचं उखळ फुटलेलं असतं, कोणाच्या जुन्या नांगराचा तुकडा असतो, वाऱ्याने पडलेली फांदी असते. मागत जा. थोडं थोडं मिळतं."

पण मागून मागून एक तुकडा मिळायचा, आणि तो एका सकाळीत संपायचा. मग खेमा आठ-आठ दिवस नुसता बसून राहायचा. हात शिकू पाहत होते आणि हातांना काम नव्हतं. असं बसणं त्याला उपाशी राहण्यापेक्षा जड जायचं.

अशातच एक दिवस गावातला गाडीवान छपराशी येऊन थांबला. हसतमुख माणूस होता. कोणाचं धान्य, कोणाचं गवत, कोणाची वरात, सगळी ओझी त्याच्याच गाडीने हलायची.

"लाकूड हवंय ना तुला?" त्याने विचारलं आणि गाडीवरचं गवत बाजूला सारलं.

खेमा बघतच राहिला. खाली आंबा, जांभूळ, फणस, शिवण. सगळे ओंडके जाड, सरळ आणि खडखडीत सुके. एकमेकांवर आपटले तर घंटेसारखे वाजावेत असे.

"हे... हे मला कसं परवडणार?"

"माझे बैल दोन दिवस चारून आण. झालं."

"एवढ्या गाडीला?"

"एवढ्या गाडीला."

खेमाने एक ओंडका उचलला. मग त्याची नजर ओंडक्यांच्या टोकांवर गेली. प्रत्येकाच्या टोकावर गेरूने काहीतरी काढलेलं होतं. एकावर मासा, एकावर तीन ठिपके, एकावर नांगराचा फाळ.

"हे लाल काय आहे?"

"रानातल्या लाकूडतोड्यांच्या खुणा. ज्याने तोडलं त्याची खूण."

"आणि आणतोस कुठून?"

गाडीवान हसला. "तुला वाडगे शिकायचेत का माझ्या गाडीची वाट शिकायचीय? हे बघ, वरच्या रानातून आणतो. पण गावात बोलू नकोस. उद्या सगळेच मागायला लागतील आणि तुझा वाटा कमी होईल."

खेमाने आयुष्यभर रानात मेंढरं फिरवली होती. लाकूडतोडे लाकडावर मासे काढत बसत नाहीत, हे त्याला माहीत होतं. एवढं सुकं लाकूड रानात मिळत नाही, तेही माहीत होतं. त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिला आणि ओठापर्यंत आला. समोर गाडीभर लाकूड होतं. त्याने तो प्रश्न गिळला आणि ओंडके उतरवून घेतले.

त्या संध्याकाळी आत्या छपरात आली. तिने एका ओंडक्यावर हात फिरवला, नखाने टोकरलं, नाकाशी नेलं.

"शिवण आहे. चांगलं मुरलेलं. कुठून आणलंस रे?"

"वरच्या रानातलं आहे आत्या."

"स्वस्तात?"

"हो. गाडीवानाच्या ओळखीने."

आत्याने ओंडका पुन्हा एकदा नाकाशी नेला. मग "बरं" म्हणून आत गेली. खेमाने करवत घेतली आणि गेरूची टोकं आधी कापून काढली. का, ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही. तुकडे चुलीसाठी कोपऱ्यात टाकले आणि पुढच्या ओंडक्याला हात घातला.

त्या दिवसापासून खराद थांबली नाही. एक गाडी संपली की दुसरी यायची. वाडग्याच्या बुडाला भोक पडलं, फेकून दिला. कड तुटली, फेकून दिला. आधी एक वाया जायचं आणि एक साधायचं, मग दोन साधू लागले, मग पाच. छपराच्या कोपऱ्यात पोतीच्या पोती लाकडाचा कीस साठला. कधी नव्हे ते खेमा काम करताना गुणगुणू लागला.

साधलेले वाडगे तो गावात वाटू लागला. वाणीण, गुरवीण, सुताराची आई, सगळ्यांच्या घरी त्याचे वाडगे गेले. पाटलांच्या नातवाचं उष्टावण झालं, तेव्हा बाळाच्या ओठाला पहिली खीर लागली ती खेमाने दिलेल्या जांभळाच्या वाडग्यातली. पाटलीणबाईंनी त्याला हळदी-कुंकवाच्या ताटातला नारळ दिला. परगावच्या माणसाला गावाने आपला म्हटलं. खेमाला वाटलं, गेलेला कळप देवाने दुसऱ्या रूपात परत दिला.

श्रावण लागला. पाऊस असा बसला की आठवडाभर सूर्य दिसला नाही. नदी काठोकाठ वाहू लागली. गावचा नावाडी लखू त्या पुरातही माणसं आणत-नेत होता. एका दुपारी त्याने पलीकडून आलेली माणसं उतरवली, एका म्हातारीला हात देऊन चिखलातून वर घेतलं, नावेचा दोर खुंट्याला बांधला आणि जरा टेकावं म्हणून काठावर बसला. तो उठलाच नाही. म्हातारी मागे वळून त्याला आशीर्वाद देत होती. तो ऐकत नाही असं वाटून तिने खांद्याला हात लावला, आणि तो कलंडला.

गाव सुन्न झालं. कोणाचा विश्वास बसेना. ज्याला त्याला वाटत होतं की आत्ता तो हाक मारील, "चला, शेवटची फेरी!"

लखूची बायको गिरजा रडलीही नाही. ती त्याच्या ओल्या पायांचा चिखल पदराने पुसत बसली.

पाऊस जरा उघडला तशी माणसांनी तिरडी उचलली. खेमाही गेला. या गावातल्या अंत्ययात्रेला तो पहिल्यांदाच आला होता. नदीकाठी उंचवट्यावर एक शाकारलेली खोप होती. तिच्यासमोर तिरडी टेकवली. शेजारी उभ्या माणसाला खेमाने हळूच विचारलं, "ही खोप कसली?"

"सरणाची," तो म्हणाला. "तुला ठाऊक नाही होय? पावसाळ्यात गावात सुकं लाकूड कुठून मिळणार? म्हणून दर फाल्गुनात घरटी दोन-चार चांगले ओंडके इथे आणून ठेवायचे. गरीब असो, श्रीमंत असो. पावसाळ्यात कोणाच्याही घरी मरण आलं तरी सरण अडायला नको. आमच्या पणज्यांपासूनची रीत आहे."

राखणदाराने खोपीचं दार उघडलं. तो लंगडा म्हातारा होता आणि तापाने खंगून गेला होता. आत लाकडांची थप्पी छपरापर्यंत रचलेली दिसली. लोकांना धीर आला. दोघे तरुण पुढे झाले आणि त्यांनी वरचा ओंडका ओढला.

धडाड आवाज झाला. सगळी थप्पी पुढे कोसळली. तरुण उड्या मारून बाजूला झाले. धूळ खाली बसली तेव्हा सगळ्यांना खोपीची मागची भिंत दिसली.

मागे काहीच नव्हतं. पुढची एक ओळ तेवढी उभी होती. तिच्यामागे पार भिंतीपर्यंत पोकळी होती.

पाटील दोनदा आत जाऊन आले, जणू दुसऱ्यांदा बघितल्यावर लाकडं दिसतील. "अरे, भरलेली होती ना?" ते पुटपुटले. "माझ्या डोळ्यांदेखत भरलेली होती."

कोसळलेल्या ओंडक्यांतला एक घरंगळत खेमाच्या पायाशी आला होता. त्याने खाली पाहिलं. टोकावर गेरूने मासा काढलेला होता.

खेमा वाकला. त्याने दुसरा ओंडका पाहिला, तीन ठिपके. तिसरा, नांगराचा फाळ. घराघराच्या खुणा. ज्या तो महिनोन्‌महिने करवतीने कापून चुलीसाठी टाकत होता.

"हे काय केलंस रे?" कोणीतरी ओरडलं. खेमा दचकला. पण ते त्याला नव्हतं, राखणदाराला होतं.

"मी... मी काही नाही केलं," राखणदार म्हणाला. "मला ताप होता. उन्हाळाभर अंथरुणाला होतो. खोपीवर लक्ष..." त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"हाच विकून बसला असणार!" गर्दीतून मोठा आवाज आला. तो गाडीवानाचा होता. "म्हातारपणी हाव सुटली. मेलेल्याच्या सरणाला हात घातला! असल्या माणसाला गावात ठेवायचं?"

राखणदार त्याच्याकडे वळला. "तू असं बोलतोस? अरे, मी आजारी होतो तेव्हा तूच म्हणालास ना, काका, तुम्ही पडून राहा, खोपीकडे मी बघतो?"

"ऐका! आता माझ्यावर ढकलतोय!"

गर्दी पुढे सरकली. कोणीतरी म्हाताऱ्याचं मुंडासं ओढलं. कोणीतरी त्याची काठी हिसकावून घेतली, तसा तो चिखलात गुडघ्यांवर पडला.

गाडीवानाची नजर खेमावर आली. त्याने मान अगदी जराशी हलवली. गप्प राहा.

आणि गप्प राहणं किती सोपं होतं! दोघांशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. एक म्हातारा गावाबाहेर गेला असता. खेमाचे वाडगे घरोघरी राहिले असते, खराद राहिली असती, पाटलांच्या घरचा मान राहिला असता. उलट बोलला असता, तर या गावात त्याचं कोण होतं?

त्याने तिरडीकडे पाहिलं. लखूच्या पायाच्या नखांत अजून थोडा चिखल होता.

"सोडा त्यांना," खेमा म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की कोणी ऐकलाच नाही. मग तो ओरडला, "सोडा त्यांना! ती लाकडं मी कातली!"

सगळे वळले.

"काय केलीस?" पाटलांनी विचारलं.

"कातली. शिकायला. वाडगे केले. गाडीवान मला आणून द्यायचा, मी त्याचे बैल चारायचो. ही सरणाची आहेत हे मला माहीत नव्हतं." तो थांबला. मग त्याने ते बाकीचंही सांगितलं, जे त्याने सांगितलं नसतं तरी चाललं असतं. "पण ही रानातली नाहीत, एवढं मला कळलं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर लाकूड बंद झालं असतं."

सुताराची आई हळूच म्हणाली, "म्हणजे तो वाडगा? ज्यात मी पीठ मळते?"

खेमाने मान खाली घातली.

"आणि आमच्याकडचा?" वाणीण म्हणाली. "सकाळी त्यातच भात..." तिने तोंडावर पदर धरला.

पाटील उभे होते तिथेच मटकन खाली बसले. त्यांना उष्टावण आठवलं होतं. "माझ्या नातवाची पहिली खीर," ते म्हणाले. "सरणाच्या लाकडातून."

"खोटं बोलतोय तो!" गाडीवान किंचाळला. "पुरावा काय?"

"माझ्या छपरात कोपऱ्यात कापलेली टोकं आहेत," खेमा म्हणाला. "जाऊन बघा. ज्याने त्याने आपली खूण ओळखा."

दोन माणसं धावत गेली आणि पाटीभर तुकडे घेऊन आली. लोक वाकून वाकून बघू लागले. "हा आमचा मासा." "हे आमचे ठिपके." एका बाईने एक तुकडा उचलला. तिचा नवरा फाल्गुनात होता, आता नव्हता. "ही त्यांच्या हातची खूण आहे," ती म्हणाली आणि तिने तो तुकडा छातीशी धरला.

गाडीवान गर्दीतून मागे सरकत होता. पण मागेही माणसं होती, आणि ती बाजूला झाली नाहीत.

"त्याचं नंतर बघू," पाटील उठत म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "लखू खोळंबलाय. आधी सरण कुठून आणायचं ते सांगा."

रानातलं एकेक लाकूड भिजून गच्च होतं. खोपीतल्या एका ओळीने अर्धं सरणही झालं नसतं.

खेमा धावत सुटला. छपरात उरलेले ओंडके त्याने ओढून बाहेर काढले. झालेले, अर्धे झालेले, फुटलेले वाडगे पाटीत भरले. किसाची पोती काढली. माणसं ओझी उचलून नेऊ लागली. तरी ते कमीच पडणार हे दिसत होतं. तेव्हा खेमाने कुऱ्हाड घेतली आणि तो खरादीपाशी गेला.

आत्या दारात उभी होती. तिला दिसत नव्हतं, पण पहिला घाव पडताच तिला कळलं.

"खेमा! अरे, ती तुझी खराद आहे!"

"सुकी चिंच आहे आत्या. चांगली जळेल."

आत्या भिंतीला धरून उभी राहिली. दुसरा घाव पडला, तिसरा पडला. "मी त्या दिवशी वास घेतला होता," ती म्हणाली. "शिवण रानात असं मुरत नाही, हे मला कळलं होतं. तू रानातलं म्हणालास, मी बरं म्हणून आत गेले. मला एकदा आणखी विचारता आलं असतं." मग ती चाचपडत घरात गेली आणि आपल्या बाजेचे पाय उपटायला लागली.

तिच्या बाजेचे पाय गेलेले लोकांनी पाहिले, आणि मग मात्र कोणाला सांगावं लागलं नाही. कोणी जुना पाट आणला, कोणी पाळण्याची दांडी, कोणी मोडका नांगर. बायका घरोघरून वाडगे घेऊन आल्या. कोणी ते हातभर लांब धरले होते, जणू चटका बसेल. कोणी घासून पुसून आणले होते. पाटलीणबाईंनी जांभळाचा वाडगा आणला आणि त्यात शेवटचं म्हणून थोडं तूप घातलं. एकेक करून त्यांनी ते लखूच्या भोवती रचले.

असं सरण कोणी कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या ओंडक्यांच्या मध्ये वाडगेच वाडगे. गिरजा ते बघत होती. खेमाला तिच्याकडे मान वर करून पाहवेना. किसाला विस्तव लागला आणि सरण भडकन पेटलं. वाडगे एकेक करून तडकू लागले.

गाडीवानाने आपल्या मळ्यातली झाडं तोडून, सुकवून खोप पुन्हा भरायची, असा गावाने निवाडा दिला. त्याने ती भरली. पण त्यानंतर कोणी आपल्या धान्याची पोती त्याच्या गाडीत चढवली नाहीत. पुढच्या वर्षी तो बैल घेऊन कुठेतरी निघून गेला. राखणदाराची पाटलांनी गावासमोर हात जोडून माफी मागितली. म्हाताऱ्याने माफ केलं, पण खोपीची किल्ली परत घेतली नाही. "आता माझा कोणावर भरवसा राहिला नाही," तो म्हणाला. "आणि राखणदाराचा भरवसा गेला की तो नुसतं कुलूप होतो."

खेमाला कोणी शिक्षा दिली नाही. तो वाट बघत राहिला, पण कोणी काही म्हणेना. मग लखूचं तेरावं झाल्यावर तो आपणहून नदीवर गेला. गिरजा एकटीच नाव ढकलत होती.

"वहिनी, मी नाव चालवतो," तो म्हणाला.

"चालवता येते?"

"नाही."

गिरजा नाव ढकलायची थांबली. "म्हणजे आता हेही माझ्याच लाकडावर शिकणार," ती म्हणाली. खेमाचं तोंड उतरलं. तो वळला. तेवढ्यात तिने एक वल्हं त्याच्या पुढ्यात टाकलं. "धर. मोडलंस तर याद राख."

त्याने ते मोडलं नाही. उरलेला पावसाळा तो वल्हवत राहिला. सुकाणू गिरजाच्या हातात असायचं. ती त्याच्याशी गरजेपुरतंच बोलायची. पुरातून लाकडं वाहून यायची, मुळासकट उपटलेले आंबे, जांभळाचे बुंधे, कोणाच्या पडलेल्या घराच्या तुळया. खेमा ती दोराने ओढून काठाला लावायचा. पाऊस सरला तेव्हा तो नदीच्या वरच्या अंगाला गावोगाव चालत गेला. "तुमचं काही वाहून गेलंय का?" तो विचारायचा. लोक हसायचे. असं विचारत कोणी आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. एका ठिकाणी एका म्हाताऱ्याने आपल्या घराची तुळई सांगितली, ती खेमाने पाठीवर वाहून नेऊन दिली. ज्यांना धनी निघाला नाही, त्यांतली निम्मी लाकडं त्याने खोपीत नेऊन ठेवली. उरलेली आत्याने आपल्या छपरात सुकत घालू दिली.

"तुझी खराद नाही," आत्या म्हणाली. "माझी आहे. दुपारी मी झोपते तेव्हा ती रिकामी असते."

त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आता लाकूड थोडं होतं, म्हणून तो ओंडका खरादीवर चढवण्याआधी कितीतरी वेळ हातात घेऊन बसायचा. गाठ कुठे आहे, रेघ कुठे वळते, हे आधी बघायचा. आणि नवल म्हणजे, पूर्वी गाडीभर लाकडात जे हाताला आलं नव्हतं, ते आता एकेका तुकड्यात येऊ लागलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक वाडगा असा उतरला की आत्याने त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि काहीच चूक काढली नाही. गावात तो कोणाला द्यायचं धाडस खेमाला होईना. शेवटी तो नदीवर घेऊन गेला आणि गिरजासमोर नुसता धरून उभा राहिला.

गिरजाने हात पुढे केला नाही. "लाकूड कोणाचं?" तिने विचारलं.

"पुरातलं आहे वहिनी. वरच्या सगळ्या गावांत विचारलं. कोणाचं नाही निघालं."

तेव्हा तिने तो घेतला. उलटा करून बघितला, बुडावर टिचकी मारली. नावेच्या तळाशी पाणी साचलं होतं. ती वाकली, वाडगा त्यात बुडवला आणि भरून बाहेर नदीत ओतला. पुन्हा बुडवला, पुन्हा ओतला.

"पाणी धरतो," ती म्हणाली. मग तो तिने लखूच्या जागी, फळीखाली ठेवला, आणि काठावरच्या माणसांना हाक दिली, "चला, कोण कोण येणार पलीकडे?"

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: एखादी वस्तू फार स्वस्तात मिळू लागली, की ती कोणाच्या वाट्याची आहे ते आधी विचारावं. जो विचारायचं टाळतो, त्याला उत्तर बहुधा ठाऊक असतं.